कानिफनाथाच्या घरचा चहा

काष्टी, शनिवार
(बाजाराचा दिवस आहे. खिडकीशी बैलांचा सौदा चाललाय, तेव्हा अक्षर हलल्यास दोष बैलांचा.)

चि. गोरक्ष यास आबाचे अनेक आशीर्वाद.

तुझी प्रकृती उत्तम असणारच; शिर्डीत पेढ्यांच्या दुकानावर बसून कुणी वाळल्याचं माझ्या ऐकिवात नाही. सूनबाईंना आणि पोरांना विचारल्याचं सांग. इकडे सगळं क्षेम आहे, फक्त तुझ्या दाजींचा, म्हणजे आमच्या कानिफनाथाचा, आवाज पुण्याच्या डॉक्टरांनी घशासकट काढून घेतला. तू दवाखान्यात फिरकला नाहीस, याबद्दल मी काहीही लिहिणार नाही. (दिवाळीच्या सुट्टीत गर्दी असते, हे खुद्द साईबाबांनाही ठाऊक आहे.)

काय माणूस होता रे! होता म्हणतोय, अजून आहे. पण तालुक्यानं भूतकाळ सुरू केलाय. पतपेढीतला साधा कारकून, पण क्रिकेटच्या सामन्याच्या दिवशी रेडिओवर समालोचनाला बसला की कांद्याच्या वाफ्यात खुरपी थांबायची. त्याची खोड तुला ठाऊक आहे, तरी लिहितो, मला लिहून बरं वाटतं. आपला पोरगा बाद झाला की तो शब्द त्याच्या तोंडून निघत नसे. घरी आई रेडिओला कान लावून बसलेली, तिला फाडकन कसं सांगायचं? मग म्हणायचा, ‘रंगुबाई, चहा ठेवा, ओंकार निघालाय.’ अख्खा तालुका कपाळाला हात लावायचा. पुढं रेडिओ केंद्रावरच्या एका साहेबांनी त्याला झापलं, की शुद्ध आणि अधिकृत बोला. त्यानं एक सामना ‘यष्टिरक्षक’, ‘पायचीत’ करत काढला. संध्याकाळी माणसं घरी हजर: ‘नाथा, ताप हाय का तुला?’ ओंकार त्या दिवशी पहिल्याच चेंडूवर घरी आला, तर चूल थंड! रंगुबाई साहेबांच्या नावानं बोटं मोडत केंद्राच्या दारात गेल्या, तेव्हा कुठं चहा परत सुरू झाला.

आवाजाला ऊब राहावी म्हणून तो गालात तंबाखू धरायचा. ऊब राहिली, आवाज गेला. आता गळ्याला भोक आहे आणि हातात पाटी. भेटायला येणारा जो तो खाटेशी बसून त्याच्याच थाटात समालोचन करतो. शेजारचा छगन तर सलाइनचे थेंब षटकाषटकानं सांगत होता. नाथा डोळे मिटून घ्यायचा, तर म्हणे झोप छान लागते. गावानं सत्कारही ठरवलाय. पत्रिकेत शेवटी छापलंय, ‘सत्कारमूर्तींचे दोन शब्द’.

मंगळवारी डॉक्टरांनी सांगितलं, आता घरी न्या, आवडेल ते द्या. जीप आली तेव्हा अंगणात माणसांना बसायला जागा नव्हती. नाथानं पाटी मागितली, लिहिलं, आणि छगननं मोठ्यानं वाचलं: ‘चहा ठेवा, नाथा निघालाय.’

सगळे गडी खाली बघून माती उकरायला लागले. आणि तुझी बहीण भागीरथी उठली, पदर खोचला आणि मोठं पातेलं चढवून अख्ख्या अंगणाला चहा केला. कप हातात घेऊन माणसं नुसती बसलेली. ती विचारते, ‘का वो आबा, साखर लई झाली का?’

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. या बाईनं नवऱ्याला रेडिओवर कधी ऐकलेलंच नाही. सामन्याच्या वेळी घरचा सेट पारावर जायचा आणि ती रानात. आणि सामना जवळ आला की आवाज जपायचा म्हणून हा घरात मौन धरायचा. चार तालुक्यांत गाजणारा गडी आणि बायकोशी मुका. मी म्हटलं, भागीरथी, आता पाटीशी संसार अवघड गं. तर म्हणाली, ‘आदी तर लिवत बी नव्हते.’

मी चहा पिऊन टाकला. साखर बरोबर होती.

पेढे विकता विकता वेळ मिळाला तर उत्तर लिही.
तुझा आबा

ता. क. १: पत्राचं कारण राहिलंच. केंद्रावर जुन्या टेपा पुसून नव्या कार्यक्रमाला वापरतात, तिथं नाथाचा एक शब्द उरला नाही. श्रीगोंद्याच्या सामन्याची कॅसेट तू रेडिओवरून भरली होतीस. ती घेऊन ये.

ता. क. २: दुकानात लावायला तू तिच्यावर आरती भरली असशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे. तरी दुसरी बाजू शेवटपर्यंत ऐक. एखादा चहा राहिला असेल.

ता. क. ३: नाथाला सांगितलं तर पाटीवर लिहितो, ‘नको, त्या सामन्यात मी दोन चौकार विसरलो.’ त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस. आणि तू पोचेपर्यंत तो निघून गेला असला, तरी कॅसेट परत नेऊ नकोस. ऐकायची भागीरथीला आहे.