पहिल्या पानावर दोन नावं

सिरोंचा, सुटीचा दिवस

सरिताताईले,
तुझ्या प्रफुलचा मनापासून जयभीम. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींची रात्रपाळी सुटली का? माजरीत यंदा कोळशाची धूळ कमी आहे म्हणली होती तू, म्हणजे वाळत घातलेले पांढरे कपडे पांढरेच निघत असतील. मी मजेत आहो. (मजेत म्हणजे ताप नाई आणि भात करपला नाई.) इथी कॉलेज सुटलं की चारी बाजूंनी तेलुगू. घरमालकीण मनकर्णाबाई रोज दारातून विचारते, "तिन्नारा सारू?" म्हणजे जेवलात का. मी 'हो' म्हणतो. झालं, दिवसाचं घरगुती बोलणं तेवढंच.

तर गोदावरीकाठच्या मासेमार कुटुंबांवरचा माझा प्रबंध संपला. फक्त मुखपृष्ठ राह्यलं होतं. गाईड सर म्हणाले, लाटेकमध्ये कर, सुबक होते. या लाटेकात अक्षर उचलून मधात ठेवता येत नाई. कॉम्प्युटरले हुकूम लिहून द्यावे लागतात, की इथून मधात घे, हे मोठं कर, याच्याखाली जागा सोड, आणि मग तो पान करून दाखवते. मी 'मधात घे' लिहिलं अन् 'आता पुरे' लिहायचं विसरलो. अख्खा प्रबंध लग्नपत्रिकेसारखा मधोमध उभा राह्यला, जाळी, डोंगे, संदर्भसूची, सगळं. मग जागा कमी करायला गेलो, तर सरांचं नाव माझ्या नावाच्या डोक्यावर चढून बसलं. (ते तसे बसलेलेच आहेत, पण छापून येणं बरं नाई.)

खरी फजिती पुढं झाली. लेखकाच्या नावानंतर 'अँड' हा हुकूम दिला की दुसरं नाव शेजारी येते, बरोबरीनं, मधात थोडी जागा सोडून. प्रबंधाले लेखक एकच, म्हणून त्या हुकुमाचं मले काही कामच नव्हतं. पण मनकर्णाबाई लेकीकडे गेली होती, घरात कोणाचाच आवाज नव्हता, आणि मले पाहायचं होतं की दोन नावं कशी दिसतात. मी 'दामिनी' टाकलं. (दामिनी आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होती. डबा खाताना समोर बसे. उन्हाळ्यात तिले मुलचेऱ्याले नोकरी लागली. तुले कधी सांगितलं नाई, कारण सांगण्यासारखं काही झालंच नाई.) ताई, फार छान दिसत होतं. मी पाहतच बसलो. मग नाव काढलं, नवी फाईल केली, आणि सरांले जुनी पाठवली.

संध्याकाळी गोदावरीच्या पुलावर सरांचा फोन आला. "प्रफुल, ह्या दामिनी कोण? प्रबंधाले दोन लेखक नसतात, बाबू."

"सर, नमुना होता."

"कशाचा नमुना?"

मी 'रेंज जाते सर' म्हणून फोन ठेवला. सरांनी ते पान विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकलं, 'अशी चूक करू नका' म्हणून. ग्रुपवरून ते आमच्या कॉलेजात आलं, अन् कॉलेजातून मुलचेऱ्याले गेलं. काल तिचा मेसेज आला : "मी तर मासे खातही नाई. मले लेखक काऊन केलं?" खाली हसणारं तोंड नाई, रागावलेलं नाई, काहीच नाई. कालपासून मी उत्तर लिहून राह्यलो अन् पुसून राह्यलो.

मुखपृष्ठ आता बरोबर झालं. मधोमध एकच नाव, आजूबाजूले भरपूर मोकळी जागा. सर म्हणाले, आता सुबक आहे.

तुझा,
प्रफुल

ता. क. : गुडघ्याले शेक देत जा.

ता. क. २ : तुमच्या कॉलनीत पाण्याच्या टाकीमागं अंजनाबाई राहतात, त्या दामिनीच्या आई. सहज जाऊन ये. काही विचारू नको.

ता. क. ३ : विचारच. अन् काय म्हणाल्या ते पत्रानं नको, फोन कर. खोलीत रेंज नसते, पण संध्याकाळी मी पुलावर असतो. रोजच असतो.