चार मिनिटं दहा सेकंद

१२ नोव्हेंबर
हे पनवेलला ती पट्ट्यावर चालायची टेस्ट करून आले. मला नेलं नाही, दोस्ताला नेलं — जमालभाईंना. यांच्या हृदयात स्टेंट घातल्याला वर्ष झालं. शाळेची व्हॅन परत हातात हवी तर हा रिपोर्ट पाहिजे. "कशी झाली?" विचारलं तर म्हणे, "झाली." शर्टावर घामाचा डाग नाही.

१४ नोव्हेंबर
रिपोर्ट मोबाइलवर आला. वाचता वाचता हे मटकन खाली बसले. "मशीन बिघडलेलं होतं गं. परत बोलावलंय." चोवीस वर्षं संसार केलाय, आणि मला शेंडी लावतात!

१५ नोव्हेंबर
हे अंघोळीला गेल्यावर मोबाइल उघडला. चार मिनिटं दहा सेकंद. दम लागला म्हणून टेस्ट थांबवली. खाली आलेखाबद्दल बरंच काहीबाही, मला कळेना. तडक भिसेगावात डॉ. ऋजुताकडे गेले. ती म्हणाली, "काकू, जो जास्त वेळ चालतो त्याचं पुढचं सहसा बरं असतं. हे फारच कमी आहे. आलेखही चांगला नाही. याच आठवड्यात अँजिओग्राफी करा, आणि वजन अजिबात उचलू देऊ नका."

रिक्षात रडून घेतलं. भीती वाटते. घरी मात्र चकार शब्द काढला नाही. बघू, किती दिवस लपवतात ते.

१६ नोव्हेंबर
कमाल आहे या माणसाची. जमालभाई त्यांच्या दुकानात तांदळाची गोण उचलत होते, तर हे धावत गेले, हिसकावून घेतली आणि स्वतः आत नेऊन टाकली. धापसुद्धा लागली नाही. चार मिनिटांत दमणारा माणूस हा? काहीतरी शिजतंय.

१७ नोव्हेंबर
आज हे पुन्हा जमालभाईंकडे. मी दूध घेऊन परत येत होते, तेव्हा कानावर पडलं — हे त्यांना सांगतायत, "एकदा हृदयाच्या डॉक्टरला दाखवून ये रे." स्वतःचं ठेवायचं झाकून! जमालभाई हसत होते. "आजारी तू आणि औषध मला?" हे हसले नाहीत.

१८ नोव्हेंबर
मोबाइल समोर ठेवला तसे हे ढसाढसा रडले. पट्ट्यावर हे चढलेच नव्हते. नापास होऊ या भीतीनं जमालभाईंना पाठवलं, यांचं नाव सांगून ते चालले. रिपोर्टबद्दल त्यांना अजून काही माहीत नाही. त्यांच्या बायकोला, हुस्नबानोलाही नाही. "कळलं तर व्हॅन जाईल गं, सुनीती."

जाऊ दे व्हॅन. मी जमालभाईंच्या घरी निघालेय.