बाबांना घरी आणायची गाडी

४ जानेवारी
गाडी घेतली! जपानी कूपे. दोन दारं, दोन सीट. बटण दाबलं की पुढचे दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे बॉनेटमधून वर येतात. सध्या एकच डोळा येतो. भंगारवाला म्हणाला, इंजिन आहे, बाकी तुमचं नशीब. वय एकतीस, म्हणजे माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. म्हणून नाव ठेवलं ताई.
हेतू लिहून ठेवते, म्हणजे मागे फिरता येणार नाही. बाबा तीस जूनला निवृत्त होणार. बत्तीस वर्षं बस चालवून त्यांनी अख्ख्या शहराला घरी पोचवलं. त्यांना घरी न्यायला कधी कोणी आलं नाही. त्या दिवशी डेपोच्या फाटकाशी मी ताईला घेऊन उभी असेन. बाबा शेजारच्या सीटवर बसतील आणि काहीही करणार नाहीत. नुसते खिडकीबाहेर बघतील.
बाबांना सांगायचं नाही. आईला सांगितलं. ती म्हणाली, सगळं खरं, पण तुला गाडी कुठे चालवता येते? हा तपशील झाला. सहा महिने पडलेत.

५ जानेवारी
बाबांनी ताईभोवती एक चक्कर मारली, वाकून आत पाहिलं आणि विचारलं, हिच्यात बसायचं की हिला अंगात घालायचं? त्यांना वाटतंय, मी ती दुरुस्त करून विकणार आहे. वाटू दे.

११ जानेवारी
प्लॅन भिंतीवर लावला. उद्यापासून रोज पहाटे साडेपाचला उठून दोन तास काम. घरातली पहिली पदवीधर असण्याची काही जबाबदारी असते. पदवी इतिहासाची आहे, पण जुनं जपणं म्हणजे इतिहासच. शिवाय मॅन्युअल मिळालं आहे. जपानी भाषेत आहे, पण चित्रं स्पष्ट आहेत.

१२ जानेवारी
साडेआठला उठले.

१ फेब्रुवारी
गंज घासायला घेतला. घासता घासता गंज संपला, त्याबरोबर पत्राही संपला. ड्रायव्हरच्या पायाखाली आता जमीन दिसते. डेपोतले मिस्त्रीकाका, बाबांचे जुने दोस्त, बघून गेले. कपाळाला हात लावून म्हणाले, अगं पोरी, त्या गंजानेच सगळं धरून ठेवलं होतं, त्याच्या वाटेला कशाला गेलीस? अनुभवी माणसांचं हे असं असतं. पद्धत नसते. तरी त्यांचा मान राखायचा म्हणून पत्रा जोडायला रविवारी बोलावलं आहे. वेल्डिंग मशीनही तेच आणतील.

२२ फेब्रुवारी
आजपासून मॉडिफिकेशन. कार्बन फायबरचं बॉनेट बजेटमध्ये बसेना, म्हणून तसंच दिसणारं काळं स्टिकर चिकटवलं. आत बुडबुडे राहिलेत. लांबून कळत नाही, आणि जवळ येऊ देतंय कोण!
स्प्रिंग बदलून ताईला दोन इंच खाली आणली. म्हणजे मी सांगितलं, मिस्त्रीकाकांनी केलं. काम करताना ते सारखं स्वतःशी काहीतरी बोलत होते. आता काय ऐट दिसते! ढकलून बाहेर काढून पाहिली तर गल्लीतल्या गतिरोधकावर पोट अडकलं. तो गतिरोधक बेकायदा असणार. उद्या अर्ज लिहिते.

१ मार्च
ड्रायव्हिंग क्लास सुरू. एकटी नको जाऊस म्हणून आई बरोबर येते, मागच्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन बसते. सर चांगले आहेत, पण त्यांच्या पायाशी वेगळा ब्रेक आहे आणि त्यांना तो दाबायची खोड आहे. माझा आत्मविश्वास त्याने खचू शकतो, हे त्यांना समजावलं. ते म्हणाले, समोर गाय आली तरी दाबू नको का? म्हटलं, आधी चर्चा करू.

१५ मार्च
आज एक चांगलं काम केलं. आई तीस वर्षं शिलाई मशीनपुढे बसून आहे. तिने बाहेरचं जग कधी बघायचं? तिच्या शिकाऊ लायसन्सचा अर्ज मी स्वतः भरला. ती म्हणाली, बाई गं, मला काय करायचंय? मी म्हटलं, प्रश्न गाडीचा नाही, आत्मविश्वासाचा आहे. तिने सही केली. बदलाची सुरुवात घरातूनच होते.

२९ मार्च
सरांनी पंधरा मिनिटं आईला बसवलं. तिला सगळीकडे दहाच्या वेगाने जायला आवडतं. सर म्हणाले, मावशींचा पाय बघा, क्लचवर कसा लोण्यासारखा! आई म्हणाली, त्यात काय, जन्मभर मशीनचं पायडलच मारलं की. विरंगुळा म्हणून ठीक आहे. नुसता पाय हलका असून भागत नाही, थिअरी लागते. घरी आल्यावर तिला क्लचची थिअरी समजावली. ती भाजी निवडता निवडता हो हो म्हणत होती.

१९ एप्रिल
ताई सुरू झाली! मोठा सायलेन्सर बसवलाय. आवाज भारदस्त. खालचे आजोबा चप्पल न घालताच बाहेर आले आणि म्हणाले, बाळ, काय फुटलं? त्यांना पाणी दिलं. ताई चार मिनिटं चालली, मग बंद पडली. चार मिनिटं म्हणजे शून्यापेक्षा चार मिनिटं जास्त.
आईने सीटची कव्हरं शिवली. लाल. मी काळी सांगितली होती. म्हणाली, लाल कापड उरलं होतं, आणि काळ्यावर तुझ्या बाबांचे पांढरे केस दिसतील.

९ मे
लायसन्सची परीक्षा. नापास. रिव्हर्स घेताना खांब आडवा आला. परीक्षा घेणारे साहेब म्हणाले, खांब वीस वर्षं तिथेच आहे. हेच तर दुखणं आहे. कोणी काही बदलतच नाही.

३० मे
दुसऱ्यांदा नापास. सगळं उत्तम झालं होतं. उतरताना हँडब्रेक राहिला आणि गाडी हळूच जाऊन साहेबांच्या टेबलाला टेकली. चहा सांडला, एवढंच.
आईचीही आजच होती. ती पास झाली. साहेबांनी तिला विचारलं म्हणे, किती वर्षं चालवताय? पण तिच्या वेळी मैदान रिकामं होतं, आणि टेबलही हलवलेलं होतं. तिच्यासाठी पेढा न आणता आईस्क्रीम आणलं. तिचा आत्मविश्वास वाढला, म्हणजे माझा प्रयोग यशस्वी.

१४ जून
मिस्त्रीकाकांनी वायरिंग उलगडलं. तीन तास. शेवटी बाहेर येऊन म्हणाले, आतली निळी तार कोणी कशाला जोडली होती? मी म्हटलं, मॅन्युअलमध्ये चित्र होतं. म्हणाले, ते चित्र रेडिओचं आहे. असो. ताई आता न थांबता चालते. दुसरा डोळाही वर येतो, फक्त पहिला आला की थोडा विचार करून.
बाबांना परवा जेवताना सहज विचारलं, शेवटच्या दिवशी घरी कसे येणार? म्हणाले, कसा म्हणजे? सव्वापाचच्या बसने, उभा राहून, रोज येतो तसा. होणारच हे, मी करणारच.

२७ जून
तिसऱ्यांदा नापास. कारण लिहीत नाही. साहेबांनी या वेळी टेबल मैदानाबाहेर ठेवलं होतं, ते बरं झालं नाही. लक्ष तिकडेच गेलं. नियम असा आहे की तीनदा नापास झालं की साठ दिवस परीक्षा देता येत नाही. मग पुन्हा अर्ज. तीन दिवसांत होणार नाही, असं खिडकीवरचा माणूस म्हणाला. मी विचारलं, पण समजा? तो म्हणाला, पुढचे.

२८ जून
लायसन्स नसताना चालवली तर, असा विचार मनात आला. बाबांनी बत्तीस वर्षांत एकदाही दंड भरलेला नाही. त्यांच्याच फाटकात, त्यांच्याच शेवटच्या दिवशी पोलिसाने मला धरलं तर? नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व. रडले थोडी.
आई म्हणाली, एवढंच ना, मी चालवते. मी म्हटलं, विचार करून सांगते. म्हणाली, कर बाई विचार, तोवर मी हवा भरून आणते. आणि खरंच किल्ली घेऊन गेली.

२९ जून
विचार केला. प्लॅनमध्ये किरकोळ बदल. स्टिअरिंगवर आई, नेतृत्व माझं.

३० जून, दुपारी ३
निघतोय. आईने इस्त्रीची साडी आणि माझे बूट घातलेत. मी प्लॅनची घडी पर्समध्ये ठेवली.

३० जून, संध्याकाळी ६:४०, घराबाहेर, जिन्यात
क्रमाने लिहिते.
जाताना मी मार्गदर्शन केलं. दुसऱ्या सिग्नलला आई म्हणाली, गप बसतेस का उतरवू? डेपोच्या फाटकात हा उंच गतिरोधक. मी डोळे मिटले. आईने ताईला तिरकी घेतली, एकेक चाक सावकाश, जाड कापडाची शिवण मशीनखालून काढावी तशी. पोट टेकलं नाही.
मी उतरून उभी राहिले. बाबा बाहेर आले, काखेत भेट मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ. बरोबर दहा-बारा ड्रायव्हर. बाबांनी ताईला पाहिलं, मला पाहिलं आणि सवयीने थेट ड्रायव्हरच्या दारापाशी गेले. आत आई. ती म्हणाली, इकडून नाही, तिकडून बसा.
बाबांनी विचारलं, तू हे कधी शिकलीस? आई म्हणाली, तुम्ही ड्युटीवर असायचात तेव्हा. दोन ड्रायव्हरांनी धरून त्यांना सीटवर सोडलं. बाबांच्या डोळ्यांत पाणी होतं. सायलेन्सरचा धूरही होता, पण पाणी आधीचं. कोणीतरी ओरडलं, वहिनी, सांभाळून न्या, जुना माल आहे! आई म्हणाली, दोन्ही जुनेच आहेत. ताई गेली.
मग माझ्या लक्षात आलं, सीट दोनच. प्लॅनमध्ये या वेळी आई घरी दारात उभी होती.
सव्वापाचच्या बसने आले, उभी राहून. कंडक्टरला बाबांच्या नोकरीवर मिळालेला कुटुंबाचा पास दाखवला. ते ओशाळून म्हणाले, हा आज दुपारी बंद झाला गं, तुझ्या बाबांनीच सही केली. तिकीट काढलं.
घराची किल्ली ताईच्या किल्लीबरोबर. ती आईकडे. एकंदरीत प्रकल्प यशस्वी मानायला हरकत नाही.

७:२५
अजून आले नाहीत. डेपो ते घर वीस मिनिटं. खालच्या आजोबांनी दोनदा विचारलं, आवाज कसा नाही आला? आईला फोन केला. बाबांनी उचलला. कुठे आहात विचारलं तर हळू आवाजात म्हणाले, आत्ता नको बोलूस, ती वळण घेतेय.