ऊंजलची गाणी

वेस्ट मांबलम, चेन्नई
९ डिसेंबर २०२४

चि. व्यासराज यास भवानीअक्काचे आशीर्वाद.

इथे सगळे ठीक. गुडघा कुरकुरतो, पण बाजारापर्यंत नेऊन आणतो. तुमच्या अड्यारला पाणी साचलं होतं म्हणे, आता ओसरलं का? फोनवर नको तो विषय निघाला की तुझा सिग्नल जातो, म्हणून पत्र लिहिते आहे.

काल तुझ्या श्रीविद्याचा फोन आला. तै महिन्यात, संक्रांत झाली की लग्न, आणि पोरगी मला विचारते, "अत्तै, एकपाठी म्हणजे काय? अप्पा शार्दूलच्या घरी सांगत होते, माझी अक्का एकपाठी आहे." शार्दूलनं तिला फोटोसारखी आठवण असं काहीतरी सांगितलं होतं. तुझा होणारा जावई पुण्याचा, सिरुसेरीला संगणकात डोकं घालून बसतो, त्याला फोटोच सुचणार. मी म्हटलं, फोटो नव्हे गं, कानाची गोष्ट आहे. एकदा ऐकलं की पाठ, दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

त्यावर ती म्हणाली, "फक्त पाट्टु, म्हणजे गाणीच, का सगळं?"

तुझी मुलगी हुशार आहे.

ऊंजलची सगळी गाणी मी नऊ वर्षांची असताना तंजावरला मोठ्या काकूकडून एका बैठकीत ऐकली. लग्नातल्या ऊंजलला नवरानवरी झोपाळ्यावर, भोवती बायका, आणि मी खांबाला टेकून. घरी येऊन सगळी म्हणून दाखवली. तेव्हापासून पाहुणा आला की आपले अप्पा मला हाक मारायचे आणि तू माझ्यापेक्षा जास्त मिरवायचास. आज ती गाणी आपल्या घरात दुसऱ्या कुणाला येत नाहीत. शार्दूलच्या आईला ती ऐकायची आहेत, म्हणून तू निरोप धाडलास, "अक्का, फोनमध्ये गाऊन पाठव. आम्ही मंडपात स्पीकरवर लावू." आणि खाली, "जुनं विसरून जा."

काय विसरू, ते मात्र लिहिलं नाहीस. मी लिहिते.

तुझ्या सुधींद्रच्या लग्नात ऊंजलला मी पहिली ओळ उचलली. आमचे हे जाऊन वर्षही झालं नव्हतं. तू गर्दीतून माझ्यापाशी आलास आणि म्हणालास, "अक्का, तू आत जाऊन बैस. लोक बघतात." एकदाच म्हणालास, तेही हळू. मी आत गेले. जेवणाच्या हॉलमध्ये केळीच्या पानांच्या गठ्ठ्यांशेजारी बसून ऐकत राहिले. बाहेर तुझी बायको जयवंती मोबाईलमध्ये बघून गात होती आणि तिसऱ्या गाण्यात अडकली. पुढची ओळ माझ्या तोंडात होती. ती मी गिळली. फार लागलं मला ते, व्यासराज.

जयवंती आता म्हणते, अक्का मनात धरून ठेवतात. काकूचं गाणं लक्षात राहिलं तर मी एकपाठी, आणि तुझं वाक्य लक्षात राहिलं तर खुनशी? डोकं एकच आहे रे माझं. त्यात तुझ्या सोयीचं तेवढं राहील आणि बाकीचं गळून जाईल, अशी सोय नाही.

तेव्हा ऐक. मी काहीही गाऊन पाठवणार नाही. माझा आवाज चालतो आणि मी चालत नाही, हे मला मंजूर नाही. गाणी हवी असतील तर मी येईन. ती मोरपिशी कांजीवरम नेसेन, केसांत मल्लिगैचा गजरा माळीन आणि झोपाळ्याच्या दोरीला हात लावून उभी राहीन. लोक बघतील. बघू देत. श्रीविद्याला हे सांगितलं, तर म्हणाली, "तू नसशील तर मी ऊंजलवर बसणारच नाही, अत्तै." तिला मी शिकवलेलं नाही. तुझीच मुलगी आहे, तूच विचार.

आणि एक. मंडपात मी आपण होऊन पुढे यायची नाही. त्याच सगळ्या लोकांसमोर, या खेपेस मोठ्यानं, तू म्हणायचंस, "अक्का, पुढे ये."

एकदाच म्हण. मला एकदा ऐकलेलं पुरतं.

आत जाऊन न बसणारी,
तुझी भवानीअक्का