पहिलं रीळ शेवटी

१२ जाने. १९७१, मंगळ. मुक्काम राजेश्वर
नव्या पिक्चरची पेटी आली, बसवकल्याणच्या बसच्या टपावरून. मराठी आहे. यंदा आपला सिनेमाचा तंबू आपल्याच गावात, त्यामुळं घरचं जेवण.
दिवस मावळताच मशीनवाल्या रहीमभाईनं पहिलं रीळ तपासायला लावलं. सुरुवात अशी: चिंचेचं झाड. वर कोण आहे दिसत न्हाई. चिंचा पडायल्यात, खाली आई ओच्यात गोळा करत शिव्या द्यायलीय. मग फांदीवरून लोंबणारे दोन पाय, एकाच पायात पैंजण. रस्त्यानं गुरुजी सायकलवर. जाता जाता वर बघून एक गणित टाकतात. वरून उत्तर, बरोबर. तेव्हा कुठं तोंड दिसतं. पंधराएक वर्षांची पोरगी, आंबटानं एक डोळा मिटलेला. उडी मारती आणि चित्र तिथंच थांबतं. पोरगी हवेत. त्यावर पिक्चरचं नाव.
दुसरं रीळ उघडतं ते थेट तिच्या लग्नात.
खूश झालो. नाव-गाव न सांगता पोरगी ओळखीची करून दिली.
रहीमभाई: "सेठ, छोकरी नीचे उतरीच नै. रील कटेली है क्या?"
म्हटलं, तसंच हाय ते, हात लावू नक्को.
तो नवा, त्याला आपली रीत सांगावी लागली. बायका भाकऱ्या टाकून, लेकरं निजवून येतात तोवर पहिलं रीळ गेलेलं असतं. म्हणून शेवट झाला की तेच पुन्हा लावायचं. बाप्ये जातात, बायका बसतात. आमच्या तंबूत बायकांची सुरुवात शेवटी. तो कपाळाला हात लावून हसला.

१३ बुध.
काल पहिला खेळ. तंबू भरला.
पिक्चरच्या शेवटी ती पोरगी, आता थकलेली बाई, उंबऱ्यावर बसलेली, कुणी हाक मारली तरी मान वर करत न्हाई. संपलं. बाप्ये बिड्या पेटवून निघाले. पहिलं रीळ पुन्हा चालू. मी नेहमीसारखा बायकांच्या कनातीला टेकून उभा. पिक्चर किती दिवस टिकंल ते मला तिथं कळतं. तंबूचे दोर ओढणारा गडी होतो तेव्हापासूनची सवय.
चिंचा पडल्या, हसल्या. पोरगी दिसली.
"ही कोण गं?"
"धाकटी भैन असंल तिची."
"आता कुठली भैन? पिक्चर संपलं की!"
"मग सवत असंल."
"गप बस. सवत झाडावर चढती व्हय?"
मग एक म्हातारी: "आगं, तीच हाय ती. लग्नाच्या आदुगरची."
हसणं बंद. पोरगी उडी मारायला फांदीवर उभी राहिली तर कनातीमागून एकटीच कुणी पडद्याला म्हणाली, "बस गं तिथंच. येऊ नको खाली."
आवाज ओळखला. गिरजा. माझी बायको. सतरा वर्षांत तिला पडद्याशी बोलताना ऐकलं न्हवतं.
 

१४ गुरु. संक्रांत
माणिकराव आले हुमनाबादेहून. गिरजाचे थोरले भाऊ. दिवाळीत त्यांना शब्द दिलाय, आपली लेक शकू त्यांच्या पोराला, दत्तूला. मामाच्या घरी भाची, आपल्याकडं यात नवं काय. दत्तू पोरगा वाईट न्हाई. निर्व्यसनी. जरा मुका.
तिळगूळ झाला. शकूसाठी लुगडं आणलंय, गुलबक्षी. म्हणाले, "दाजी, माघात साखरपुडा उरकू, उन्हाळ्यात अक्षता. नववी झाली काय, दहावी झाली काय, भाकरी तीच!"
मी हसलो. माझं हसणं कुठंही चालतं.
गिरजा आत. भांड्यांचा आवाज जास्त.

१५ शुक्र.
माणिकराव काल खेळाला बसले. सकाळी पानाला चुना लावत म्हणाले, "पिक्चर झकास. पोरीबाळींनी बघावं असं, किती सोसती ती! पण ते झाडावरचं काढा."
"कामून?"
"कामून म्हणजे? जिच्या बापाला आमी व्याही करायलोय, त्याच्याच तंबूत पोरी झाडावर! आमच्याकडचे चार लोक बघून गेलेत. हसायलेत."
पहिलं रीळ पेटीत ठेवायला सांगितलं. रहीमभाई: "सेठ, फिर ये औरत कौन है कैसा मालूम होना?" म्हटलं, होईल.
तंबूच्या परवान्याला जामीन म्हणून कुणी उभं राहत न्हवतं तेव्हा माणिकराव उभे राहिले. ते विसरून कसं चालंल.
संध्याकाळी शाळेचे गुरुजी भेटले. म्हणाले, शकू वर्गात हात वर करत न्हाई हल्ली. मी म्हटलं, थंडी हाय.

१७ रवि.
काल लिहिलं न्हाई. आता सगळं.
शुक्रवारी बायका जरा बसून, कुजबुजून गेल्या. काल उठल्याच न्हाईत. शेवट झाला, बत्ती लावली, बाप्ये गेले. कनातीमागं शंभरेक बायका मांडी घालून तशाच.
रहीमभाई आला. "सेठ, औरतां उठतेच नै."
मी कनातीपाशी जाऊन गमतीनं म्हटलं, "बायांनो, घरला जावा, कोंबडं आरवायला आलं."
आतून एक: "आरवू द्या की. आमची सुरुवात कुठाय?"
दुसरी: "चिंचंची पोरगी दावा, मग जातो."
"रीळ खराब झालंय."
"परवा चांगलं होतं. तुमीच खराब केलाव!" हशा.
गिरजा पुढच्या ओळीत. हसत न्हवती. माझ्याकडं बघतही न्हवती, कोऱ्या पडद्याकडं बघत होती.
लावलं.
माणिकराव बाहेर बिडी ओढत उभे होते. त्यांनी सगळं बघितलं. आमच्याकडं न येता पाहुण्यांकडं निजायला जाताना एवढंच: "दाजी, उद्या सकाळी येतो. तारीख ठरवू, न्हाईतर तसं सांगा."
आज सकाळी आले न्हाईत. निरोप आला, सोमवारी येतो. म्हणजे रागावलेत.
दुपारी गिरजा चुलीपुढं. पाठ माझ्याकडं.
"दादाला न्हाई म्हणा."
"तुझं माहेर तुटंल."
"व्हय."
"दिवाळीत का बोलली न्हाईस?"
"दिवाळीत मी आत शेंगा फोडायले होते. तुमी दोघंच बोलत होताव." मग तव्यावरची भाकरी उलटून, "सातवीची परीक्षा दिली आन् आठ दिवसांत आक्षता पडल्या. निकाल कळलाच न्हाई मला. पास का नापास, अजून ठाव न्हाई."
सतरा वर्षं एका घरात. मला वाटायचं हिनं शाळाच पाहिली न्हाई.

१८ सोम.
सकाळी शकूला हाक मारली. लुगड्याची घडी तशीच कोनाड्यात, हात लावलेला न्हाई. म्हटलं, "शकू, मामाकडचं. तुला काय वाटतं?"
"आता इचारायलाव?"
"आता इचारायलोय."
"अप्पा, तुमी शब्द दिलाव तवा मी तिथंच होते. पाणी मीच आणून दिलं तुमाला दोघांला."
आठवून बघितलं. पाणी आठवतं. थंड होतं. तांब्या कुणी ठेवला ते न्हाई आठवत.
"मग तुझं म्हणणं काय?"
"दहावी करायचीय." आणि मग, "दत्तूदादाला पण कुणी इचारलं न्हाई." एवढं बोलून दप्तर घेऊन गेली. शाळेला वीस मिनिटं होती अजून.
परवान्याचा जामीन. हिचं माहेर. दिलेला शब्द. बोलण्यावरच मोठा झालेला माणूस मी, न्हाई म्हणायचं एक वाक्य जुळंना. चार तऱ्हांनी म्हणून बघितलं, आरशापुढं. प्रत्येकात मी हसायलोय.
माणिकराव ओट्यावर येऊन बसलेत. चहा झाला त्यांचा. गिरजानं आत्ता दुसरा कप नेऊन दिला, आत येऊन दाराशी उभी आहे.
"दाजी, हाय का घरात?"
हाय म्हटलं, न हसता. उठायलोय.