गुरुवारच्या बाटल्या

प्रिय धाकटे,

दीड वर्षात मी तुझी साधी चौकशीही केली नाही, आणि आज एकदम पत्र म्हटल्यावर तुला आधी आईचीच काळजी वाटली असेल. आई ठीक आहे. गुडघा तेवढा कुरकुरतो. बिघडलंय ते माझं, आणि ते फोनवर सांगायला तोंड नाही म्हणून लिहायला बसले.

तुमच्या कचरा निवडायच्या शेडला आग लागली आणि सुक्या कचऱ्याची गाडी नऊ आठवडे बंद राहिली, हे तुला मी काय सांगणार! पण त्या नऊ आठवड्यांत आमच्या घरात काय चाललं होतं ते तुला माहीत नाही. सगळी गल्ली पंधरा दिवसांत कंटाळली आणि बाटल्या, पुठ्ठे, डबे सरसकट ओल्या कचऱ्यात ढकलायला लागली. आपल्या मातोश्री मात्र हटल्या नाहीत. बरणी धुवायची, लेबल भिजवून काढायचं, झाकण वेगळं ठेवायचं. फुटकी काच जाड कागदात गुंडाळून वर मोठ्या अक्षरांत ‘काच’ लिहायचं, कारण कधीतरी तुझ्या बोटाला टाके पडले होते. माझं बोट दारात चेमटलं तेव्हा तिने ‘लक्ष कुठे असतं तुझं’ एवढंच विचारलं होतं. बाल्कनीत पाय ठेवायला जागा उरली नाही, शेवटी मी कपडे बाथरूममध्ये वाळत घालायला लागले.

मग माझ्या लक्षात आलं की एवढ्या बाटल्या दोन बायकांच्या घरातल्या असूच शकत नाहीत. पाळत ठेवली. तर ही बाई शेजारपाजारून मागून आणत होती! खालच्या शिंप्याकडून, समोरच्या दातांच्या डॉक्टरकडूनसुद्धा. मी जाब विचारला तर शांतपणे म्हणाली, “माल जास्त असला की गाडी जास्त वेळ थांबते.” हा उद्योग म्हणे आग लागायच्या कितीतरी आधीपासून चालू होता.

माझा नुसता तिळपापड झाला. म्हणजे दर गुरुवारी सकाळी केस विंचरून, ठेवणीतला स्वेटर घालून, तो गुडघा घेऊन ती दोन जिने उतरायची ते उगाच नव्हतं. तू गाडीच्या मागच्या पायरीवरून उडी मारायचीस, क्रेट उचलायचीस, दोघी कशाला तरी हसायचात, आणि मी वरून पडद्याआडून बघत असायचे. चार मिनिटं. घड्याळ लावून मोजलीत मी. तिची औषधं मी आणते, गुडघ्याला मलम मी चोळते, रोज संध्याकाळी साडेसहाला मी घरी येते, पण रोज येणाऱ्या माणसासाठी कोणी स्वेटर बदलत नाही. मी जळते तुझ्यावर. लहान होतो तेव्हापासून जळते. लिहून टाकलं, जरा बरं वाटलं.

तू वर का येत नाहीस हे आईने मला कधी विचारलं नाही, कारण ती तिथेच उभी होती. माझे साहेब चहाला आले होते, तू कामावरून थेट आलीस, आणि मी सगळ्यांदेखत म्हणाले, “आधी खाली नळावर हातपाय धू, मग वर ये.” तू खाली गेलीस ती पुन्हा वर आलीच नाहीस. नळ तेवढा नीट बंद करून गेलीस. मी नंतर जाऊन बघितलं होतं.

गेल्या गुरुवारी गाडी पुन्हा सुरू झाली. आई पहाटेच तयार. सगळा ढीग तिने मला आदल्या दिवशीच फाटकाशी रचायला लावला होता. गाडी आली, आणि मागच्या पायरीवरून एक मिशीवाला उतरला. भला माणूस होता, भराभर क्रेट रिकामे केले. आईने विचारलं तेव्हा म्हणाला, मार्ग बदललेत, तुला नदीपलीकडे दिलंय. आईने शेवटचा क्रेट त्याच्या हातात दिला नाही. तो घेऊन ती परत दोन जिने चढली. मी हात पुढे केला, तर मलाही देईना. क्रेट अजून दाराशीच आहे, आणि ती माझ्याशी हवापाण्याचं बोलते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. गाडी सुरू व्हायच्या आधी तुमच्या ऑफिसने घरोघरी एक फॉर्म वाटला होता, काही सूचना असतील तर कळवा म्हणून. आमच्या घरचा फॉर्म मी भरला. ‘गाडी आमच्या फाटकाशी गरजेपेक्षा जास्त वेळ थांबते, कर्मचारी गप्पा मारतात.’ सुवाच्य अक्षरात, खाली सही. तुला समज मिळेल, चार मिनिटांची दोन होतील, एवढंच माझ्या मनात होतं. त्यांनी तुझा मार्गच काढून घेतला. काल जाऊन तक्रार मागे घेतली, पण कारकून म्हणाला, सहा महिने आता काही हलणार नाही. आईला अजून सांगितलेलं नाही, तू आलीस की तुझ्यासमोर सांगेन. तेव्हा गाडीची वाट बघू नकोस. गुरुवारी काम सुटलं की कामाच्या कपड्यांतच ये. नळाशी थांबू नकोस. तशीच वर ये, तो क्रेट तुलाच उचलायचा आहे.

तुझीच,
पडद्याआडची ताई