वाटीवालं पाकीट

प्रिय दिशा,

पत्र बघून तू म्हणशील, ताईला फोन करायला काय झालं होतं? फोनवर तू मध्येच बोलतेस, मग मी भांडते. म्हणून लिहितेय. शेवटपर्यंत वाच.

माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. दूध घेताना मी दूधवाल्याच्या मापाकडे बघते, तोंडाकडे नाही. त्यामुळे गणपतीनंतर सटाणा-कळवणकडून आपल्या काळ्या मसाल्याच्या साध्या पाकिटांची मागणी निम्म्यावर आली, तेव्हा मला आधी तुझाच संशय आला. त्या दुकानांना माल पोचवायची लाइन तुझी, टेम्पो तुझ्या हातात आणि त्याच महिन्यात तुझ्या अमोलरावांनी घरी मिरची कांडायचं यंत्र बसवलेलं, तेही मला न सांगता. आपणच सणांपुरतं काढलेलं, स्टीलची वाटी मोफत असलेलं पाकीट मात्र धडाधड खपत होतं. मग साधंच का पडावं? मी ठरवून टाकलं, दिशा स्वतःचा मसाला खपवतेय. तू सांगितलंस, ताई, दोन्ही पाकिटांचा खप एकत्र धरून बघ, घरं तीच आहेत आणि त्यांच्या भाज्याही तेवढ्याच. मला ती पळवाट वाटली.

दिवाळीच्या आधी एकदा तू टेम्पो घेऊन निघालीस आणि मी मागून एसटीने सटाण्याला गेले. तोंडाला स्कार्फ बांधून सोमनाथशेठच्या दुकानात बिस्किटांच्या रॅकमागे तासभर उभी होते. हसू नकोस. एका म्हातारीने साधं पाकीट उचललं, तेवढ्यात तिला वाटी दिसली. हातातलं पाकीट परत ठेवून म्हणाली, "माले ते वाटीवालं दे ना भो." मग तिच्या मागची, मग तिसरी. आपलंच पाकीट आपल्याच पाकिटाची गिऱ्हाइकं ओढत होतं.

दिवाळीनंतर वाट्या संपल्या. तरी मी साध्या पाकिटांच्या पडलेल्या मागणीवरच अंदाज बांधून पुढच्या महिन्याचा मसाला कुटला. आता सगळे साधंच मागताहेत, पंचवटीतल्या आपल्या गाळ्यात पिंपं रिकामी आहेत आणि कळवणच्या दुकानांत आपल्या जागी दुसऱ्याचा मसाला लागलाय. पण पत्र त्यासाठी नाही.

तू काहीच केलेलं नाहीस, हे मला त्याच दिवशी परतीच्या एसटीत कळलं होतं. तरी दिवाळी होताच मी तुझ्याकडून टेम्पोची किल्ली मागून घेतली. ते यंत्र माझ्या डोक्यातून जाईना. वाटलं, आज ना उद्या तू वेगळी होणारच, मग मीच आधी तुला काढते. तू भांडली असतीस तर बरं झालं असतं. किल्ली हातात ठेवून तू एवढंच म्हणालीस, मागचं टायर गुळगुळीत झालंय, घाटात जपून जा. माझं चुकलं, दिशा. ये. तू येणार नाहीस असं आताही मनात येतंय. माझा हा संशय तरी खोटा ठरव.

तुझीच,
योगिनीताई